मुलाच्या फिटच्या औषधाची ‘लेव्हल’: रक्त कधी द्यायचं, आकडा कसा वाचायचा

‘पुढच्या वेळी लेव्हल करून आणा,’ असं डॉक्टर केसपेपरवर लिहितात आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं. लेव्हल म्हणजे मुलाच्या रक्तात औषध किती आहे ते मोजणारी तपासणी. प्रश्न सुरू होतात ते बाहेर आल्यावर. उपाशीपोटी न्यायचं का? सकाळचा डोस द्यायचा की नाही? मग रिपोर्ट येतो, त्यात आकड्यासमोर ‘लो’ असं ठळक छापलेलं असतं आणि घरात घबराट उडते. मुलाला मात्र कित्येक महिन्यांत एकही फीट आलेली नसते.

हा लेख मुख्यतः फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या औषधांबद्दल आहे, कारण बहुतेक आईबाबांची या तपासणीशी पहिली गाठ तिथेच पडते. इतर औषधांबद्दल शेवटी थोडं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो: रिपोर्टवरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. रक्त शेवटच्या डोसनंतर किती तासांनी काढलं, हाच डोस किती दिवस चालू आहे, मुलाचं वजन किती, मधे एखादा डोस चुकला का, हे सोबत असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. ही माहिती लॅबकडे नसते, डॉक्टरांकडेही नसते. ती तुमच्याकडे असते.

वजनावरून डोस काढला, मग रक्त कशाला?

कारण वजन ही फक्त सुरुवात आहे. औषध शरीरात किती वेळ टिकणार हे बरंचसं यकृत आणि मूत्रपिंडं ठरवतात, आणि मुलांमध्ये या दोन्हींचा वेग वयानुसार बदलत राहतो. नवजात बाळाचं यकृत संथ असतं. १९५९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक भयंकर गोष्ट नोंदवली. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलेली नवजात बाळं राखाडी पडून दगावत होती. औषधाचा निचरा करण्याची त्यांच्या यकृताची यंत्रणा अजून तयारच झालेली नव्हती, त्यामुळे ते अंगात साठत गेलं. मुलांसाठीच्या मात्रेचा विचार वेगळा करावा लागतो, हे वैद्यकाला शिकवणाऱ्या घटनांपैकी ही एक.

पुढे चित्र उलटं होतं. वर्ष-दोन वर्षांचं मूल फिटची बरीच औषधं मोठ्या माणसापेक्षा वेगाने संपवतं. म्हणून दर किलोमागे त्याला डोस जास्त लागतो, आणि ‘एवढ्याशा जीवाला एवढं औषध?’ हा आजीचा प्रश्न रास्त असला तरी त्याचं उत्तर हो असं असू शकतं. वयात येता येता हा वेग मोठ्यांसारखा होतो. शिवाय एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन मुलांना सारखाच डोस दिला तरी दोघांच्या रक्तातली पातळी सारखी निघेल याची खात्री नसते.

पायरी १: तपासणी खरंच हवी आहे का, ते विचारा

दर महिन्याला लेव्हल काढण्याची गरज नसते. मूल ठणठणीत आहे, फिट नाहीत, सुस्ती नाही, अशा वेळी नुसत्या सवयीपोटी बाळाला सुई टोचू नये. कोणतं औषध चालू आहे यावरही हे ठरतं. फेनिटॉइनसाठी ही तपासणी सर्वांत उपयोगी. त्याखालोखाल फिनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत आकडा आणि परिणाम यांचं नातं सैल आहे, तरी कधी कधी मदत होते. लेव्हेटिरॅसिटॅमसाठी नेहमीच्या वापरात ती सहसा लागत नाही.

खरी गरज पडते ती अशा वेळी: डोस नीट चालू असूनही फिट येत आहेत. मूल झोपाळू, चालताना तोल जाणारं किंवा चिडचिडं झालंय आणि औषध जास्त होतंय असा संशय आहे. दुसरं एखादं औषध सुरू किंवा बंद झालंय. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे. वजन भराभर वाढलंय आणि डोस जुनाच आहे. पातळ औषधावरून गोळीवर किंवा एका कंपनीवरून दुसरीवर बदल झालाय. कधी कधी डोस पोटात जातोय का, हाच प्रश्न असतो. किशोरवयीन मुलं गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना माहीत असलेलं बरं.

आणखी एक कारण लोकांना सुचत नाही: मूल उत्तम असताना एकदा लेव्हल काढून ठेवणं. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ साली या तपासणीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत याच कल्पनेवर भर आहे. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ म्हणून छापलेल्या पट्ट्यापेक्षा (इतक्यापासून इतक्यापर्यंत) त्या मुलाला ज्या पातळीवर फिट थांबल्या ती त्याची स्वतःची पातळी महत्त्वाची. पुढे काही बिघडलं तर तुलना तिच्याशी करता येते.

पायरी २: डोस स्थिरावू द्या

डोस सुरू केला किंवा बदलला की रक्तातली पातळी लगेच नव्या जागी जाऊन बसत नाही. चढत चढत ती स्थिर व्हायला औषधाच्या अर्ध्या आयुष्याच्या, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याच्या, साधारण पाचपट काळ लागतो. त्याआधी काढलेला आकडा अर्धवट असतो आणि त्यावरून डोस वाढवला तर पुढे तो जड पडतो.

व्हॅल्प्रोएट तीन-चार दिवसांत स्थिरावतं. फेनिटॉइनला एक ते दोन आठवडे धरा, पातळी वरच्या बाजूला असेल तर आणखी जास्त. फिनोबार्बिटोन सर्वांत आळशी, त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. कार्बामाझेपिनची तऱ्हा न्यारी आहे. ते यकृताला स्वतःचाच फडशा पाडायला शिकवतं, म्हणून सुरुवातीला चांगली दिसणारी पातळी त्याच डोसवर काही आठवड्यांत खाली येते. पहिल्या आठवड्यातला झक्कास रिपोर्ट बघून निश्चिंत होऊ नका. सुरू केल्यापासून महिनाभराने काढलेली लेव्हल जास्त विश्वासाची.

अपवाद एकच. औषध जास्त झाल्याची लक्षणं असतील तर थांबायचं नाही, त्याच वेळी रक्त द्यायचं.

पायरी ३: आधीचा आठवडा घरातल्या मोजमापाचा

लेव्हल चुकीची येण्याची जी कारणं घरात सापडतात, त्यांत पातळ औषधाची बाटली पहिली येते.

फेनिटॉइनचं पातळ औषध हे सिरप नसून सस्पेन्शन आहे. औषधाचे कण तळाशी बसतात. बाटली नीट हलवली नाही तर वरचे डोस कमी शक्तीचे आणि तळाचे जास्त शक्तीचे होतात. नवी बाटली फोडल्यावर फिट आणि बाटली संपत आली की मूल पेंगुळलेलं, असा क्रम दिसला तर आधी बाटलीकडे बघा. प्रत्येक डोसआधी ती उलटीसुलटी करून चांगली हलवायची, आणि हे घरात औषध देणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. आई कामावर गेल्यावर दुपारचा डोस आजी किंवा शेजारच्या काकू देत असतील तर त्यांनाही.

दुसरी गोष्ट चमचा. स्वयंपाकघरातले चमचे एकसारखे नसतात. एकात तीन मिली मावतं, दुसऱ्यात सात. मेडिकलमधून सुई नसलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्या आणि डोस मिलीमध्ये मोजा.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. एकाच औषधाचं पातळ रूप वेगवेगळ्या शक्तीत मिळतं. फेनिटॉइनचं सस्पेन्शन ५ मिलीत ३० मिलिग्रॅमचं असतं, तसंच ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचंही असतं. बाटली बदलली आणि मिली तेच ठेवले, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाईल. म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, आणि नवी बाटली घेताना लेबलवरचा आकडा जुन्या बाटलीशी ताडून बघा. मेडिकलवाला ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणाला तरीही.

कंपनी बदलण्याचं काय? ऑस्ट्रेलियात १९६८च्या सुमारास अनेक रुग्णांना अचानक फेनिटॉइनची विषबाधा झाली. डोस कोणी बदलला नव्हता. कॅप्सूलमध्ये भरणा म्हणून जे कॅल्शियम सल्फेट वापरत, त्याच्या जागी कंपनीने लॅक्टोज घातलं होतं, आणि औषध आधीपेक्षा जास्त शोषलं जाऊ लागलं. आज औषधांच्या गुणवत्तेचे नियम कडक आहेत, तरी फिटच्या औषधाची कंपनी विनाकारण बदलू नये आणि बदललीच तर डॉक्टरांना सांगावं, हे मी आग्रहाने म्हणेन. स्वस्तातलं जेनेरिक घ्यायला हरकत नाही, फक्त एक धरलं की तेच चालू ठेवा.

गोळी असेल तर ती तोडायची, चुरायची की अख्खी द्यायची हे विचारून घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या व्हॅल्प्रोएटच्या किंवा कार्बामाझेपिनच्या गोळ्या चुरल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. नळीवाटे दूध किंवा पेज घेणाऱ्या मुलाला फेनिटॉइन द्यायचं असेल तर फीड आणि औषध यांच्यात अंतर लागतं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. किती अंतर ठेवायचं ते वॉर्डमधल्या सिस्टरकडून लिहून घ्या.

या आठवड्यात एक वही करा किंवा मोबाइलवर टिपा: कोणता डोस किती वाजता दिला, कोणता चुकला, औषधानंतर उलटी झाली का, आणि ताप, जुलाब, सर्दी-खोकल्याचं औषध, टॉनिक, चूर्ण असं काही घेतलं का. चुकलेला डोस लपवू नका. तो लपवला तर कमी आकडा बघून डॉक्टर डोस वाढवतील, मग तुम्ही नियमित द्याल आणि मूल आडवं होईल.

पायरी ४: रक्त देण्याचा दिवस

सहसा हवी असते ती सर्वांत खालची पातळी, म्हणजे पुढचा डोस देण्याच्या जरा आधीची. सोयीची वेळ म्हणजे सकाळी, सकाळच्या डोसआधी. रात्रीचा डोस नेहमीच्या वेळी द्या, सकाळचा देऊ नका, तो सिरिंजसकट पिशवीत घाला. रक्त काढून झालं की लॅबमध्येच द्या.

इथे एक गोंधळ हमखास होतो. ‘औषध न देता आणा’ म्हणजे ‘उपाशी आणा’ असा अर्थ घेतला जातो. या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही. दूध, नाश्ता, पाणी सगळं चालतं. उलट तान्ह्या बाळाला भुकेलं ठेवलं की शीर सापडायला आणखी त्रास. सोबत साखरेची किंवा दुसरी एखादी उपाशीपोटीची तपासणी असेल तर मात्र विचारून घ्या.

सरकारी रुग्णालयात रांग लांबली आणि सकाळचा आठचा डोस अकरापर्यंत लांबायला लागला तर? फिनोबार्बिटोन इतकं संथ आहे की त्याच्या बाबतीत वेळेने फारसा फरक पडत नाही. फेनिटॉइनलाही थोडंफार चालतं. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिनच्या बाबतीत मात्र पडतो, या औषधांची पातळी दिवसभर वरखाली होते. म्हणून आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की उशीर झाला तर डोस किती वेळ थांबवायचा. ज्या मुलाला डोस चुकला की फीट येते, त्याचा डोस आकड्यासाठी ताटकळत ठेवायचा नसतो. तो द्या आणि रक्त किती वाजता काढलं ते लिहा. वेळ लिहिलेली असेल तर डोसनंतरच्या आकड्याचाही उपयोग होतो. नसेल तर डोसआधीच्या आकड्याचाही फारसा होत नाही.

लॅबच्या फॉर्मवर चार गोष्टी स्वतः लिहून द्या, कारण त्या सहसा कोणी विचारत नाही: औषधाचं नाव आणि दिवसाचा डोस, शेवटचा डोस कधी दिला, रक्त कधी काढलं, आणि मुलाचं वजन व वय. रक्त थोडंच लागतं, एक-दोन मिली. नमुना साध्या नळीत घ्यावा असं लॅबला सुचवायला हरकत नाही. काही जेलच्या नळ्यांत नमुना बराच वेळ राहिला तर जेल फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी औषधं थोडी शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी येतो. मूल दाखल असेल आणि शिरेतून औषध चालू असेल तर रक्त त्याच नळीतून काढू नये, दुसऱ्या हाताचं घ्यावं. नाहीतर नळीतलंच औषध नमुन्यात येतं.

तपासणी कुठे? मोठ्या शहरांतल्या खाजगी लॅब या तपासण्या करतात, लहान गावांतली केंद्रं नमुना बाहेर पाठवतात. तिथे रिपोर्ट यायला किती दिवस लागतील ते आधी विचारा. परळच्या केईएम रुग्णालयातल्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाचं या क्षेत्रातलं काम जुनं आहे. पुन्हा पुन्हा लेव्हल काढायची असेल तर शक्यतो एकाच लॅबकडून काढा. यंत्र आणि पद्धत बदलली की आकड्यातही थोडा फरक पडतो.

पायरी ५: रिपोर्ट वाचताना

प्रौढांच्या आणि मुलांच्या रिपोर्टवर साधारण हेच पट्टे छापलेले असतात, सगळे मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये: फेनिटॉइन १० ते २०, फिनोबार्बिटोन १५ ते ४०, व्हॅल्प्रोएट ५० ते १००, कार्बामाझेपिन ४ ते १२. काही रिपोर्टवर एकक मिलिग्रॅम प्रति लिटर असतं, आकडा तोच राहतो. परदेशातून आलेल्या किंवा तिकडे जाणाऱ्या कुटुंबांनी मात्र जपावं. ब्रिटन-युरोपच्या बाजूला कित्येक ठिकाणी मायक्रोमोल प्रति लिटर वापरतात. तिथे फेनिटॉइनचा हाच पट्टा ४० ते ८० असा दिसतो. तिकडच्या फाइलमधला ६० इथल्या रिपोर्टमधल्या १५च्या बरोबरीचा आहे, हे माहीत नसेल तर कोणाचंही काळीज उडेल.

पट्टा म्हणजे कायदा नव्हे. त्याच्या खाली असलेल्या कित्येक मुलांच्या फिट थांबलेल्या असतात. त्यांचा डोस आकडा ‘नॉर्मल’ दिसावा म्हणून वाढवायचा नसतो. उलट आकडा पट्ट्यात असूनही मूल डुलतंय, डोळे थरथरताहेत, शाळेत झोपतंय, तर त्या मुलाला तो डोस जास्त आहे. तिसरा प्रकार: आकडा भरपूर, तरी फिट चालूच. अशा वेळी औषध योग्य आहे का, निदान बरोबर आहे का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे येतो. डोस आणखी वाढवणं हे त्याचं उत्तर नसतं. फेनिटॉइन फार चढलं तर त्यानेच फिट वाढू शकतात.

आता अल्ब्युमिनची गोष्ट, जी आपल्याकडे जास्त लागू पडते. फेनिटॉइनचा साधारण ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. मेंदूवर काम करतो तो उरलेला मोकळा भाग. नेहमीची तपासणी दोन्हींची बेरीज मोजते. कुपोषित मुलात किंवा नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं वाहून जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार) असलेल्या मुलात अल्ब्युमिन कमी असतं, त्यामुळे बेरीज कमी दिसते पण मोकळं औषध पुरेसं असतं. यासाठी डॉक्टर एक ढोबळ सूत्र वापरतात: अल्ब्युमिनला ०.२ने गुणून त्यात ०.१ मिळवायचे, आणि मोजलेली पातळी त्या संख्येने भागायची. समजा रिपोर्टमध्ये फेनिटॉइन ८ आहे आणि अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटर. ०.२ गुणिले २ अधिक ०.१ म्हणजे ०.५, आणि ८ भागिले ०.५ म्हणजे १६. ‘लो’ छापलेला आकडा प्रत्यक्षात चांगल्यापैकी मधोमध बसतो. मेळघाट किंवा नंदुरबारकडच्या हडकुळ्या मुलाचा रिपोर्ट हातात आला की हा विचार आधी व्हायला हवा. व्हॅल्प्रोएट सोबत चालू असेल तर हे सूत्र फसतं, तिथे मोकळी पातळी थेट मोजणं बरं. हे गणित घरी डोस बदलण्यासाठी नाही. डॉक्टरांना ‘अल्ब्युमिन पण बघायचं का?’ एवढं विचारता यावं म्हणून दिलंय.

आणि काही धोके लेव्हलमध्ये दिसतच नाहीत. व्हॅल्प्रोएटने यकृताला होणारी गंभीर इजा पातळी पट्ट्यात असतानाही होऊ शकते. दोन वर्षांखालच्या, एकाहून जास्त फिटची औषधं घेणाऱ्या मुलांमध्ये तिचा धोका सर्वांत जास्त. त्यासाठी यकृताच्या आणि प्लेटलेटच्या तपासण्या वेगळ्या असतात. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनने उठणारं पुरळ हेही लेव्हलवर अवलंबून नसतं.

पायरी ६: डोस बदलल्यानंतर

फेनिटॉइनच्या बाबतीत हा भाग नीट वाचा. बहुतेक औषधांत डोस जेवढा वाढवला तेवढ्याच प्रमाणात पातळी वाढते. फेनिटॉइनचं गणित ठराविक मर्यादेपर्यंतच सरळ चालतं. ते मोडणारी यकृतातली यंत्रणा मर्यादित आहे. टोलनाक्यावरच्या सगळ्या खिडक्या भरून वाहत असताना आणखी थोड्या गाड्या आल्या की रांग फर्लांगभर लांबते, तसं होतं. पातळी १२ असताना थोडासा वाढवलेला डोस तिला १४वर नेईल असं वाटतं, पण ती २०च्या पार जाऊ शकते. म्हणून डॉक्टर फेनिटॉइन अगदी थोडं थोडं वाढवतात. ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून घरी अर्धी गोळी जास्त देणं किंवा चुकलेल्या डोसची भरपाई दुप्पट डोसने करणं या औषधात सर्वांत महागात पडतं.

फेनिटॉइन चढतंय याच्या खुणा क्रमाने येतात. साधारण २०च्या पुढे डोळ्यांची बुबुळं बाजूला बघताना थरथरतात. ३०च्या आसपास चालताना झोक जातो. ४०च्या पुढे गुंगी आणि बरळणं. मुलाला तुमच्या बोटाचा माग डोळ्यांनी काढायला लावा आणि सरळ रेषेत चालायला सांगा, घरी एवढं पुरे. हिरड्या सुजणं आणि अंगावर लव वाढणं हे मात्र महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर दिसणारे परिणाम आहेत. त्यांसाठी दातांची स्वच्छता आणि डॉक्टरांशी बोलणं, दोन्ही हवं.

पायरी ७: मध्येच दुसरं औषध आलं तर

घसा धरला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं आणि मूल कार्बामाझेपिनवर आहे. दोन-तीन दिवसांत उलट्या, दोन-दोन दिसणं, तोल जाणं सुरू होतं. ही प्रतिजैविकं कार्बामाझेपिनचा निचरा अडवतात. अझिथ्रोमायसिनने हा त्रास सहसा होत नाही, म्हणून ‘फिटचं औषध चालू आहे’ हे नावासकट सांगितलं तर डॉक्टरांकडे पर्याय असतो.

क्षयाच्या औषधांत दोन विरुद्ध टोकं आहेत. आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची पातळी चढवतं, रिफाम्पिसिन ती उतरवतं. दोन्ही एकत्र चालू असताना कोण जिंकेल हे आधी सांगता येत नाही, मुलागणिक बदलतं. टीबीचा कोर्स सुरू होताना आणि संपतानाही लेव्हल काढावी. संपताना विसरलं जातं, आणि रिफाम्पिसिन थांबलं की आधी वाढवलेला डोस अचानक जास्त होतो.

अतिदक्षता विभागात मेरोपेनेम हे प्रतिजैविक दिलं जात असेल आणि मूल व्हॅल्प्रोएटवर असेल तर एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची पातळी कोसळते. डोस वाढवूनही ती सहसा सावरत नाही. दुसरं प्रतिजैविक किंवा फिटचं दुसरं औषध, असा मार्ग डॉक्टरांना काढावा लागतो. व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन हे फिटचंच दुसरं औषध सोबत असतील तर लॅमोट्रिजिन जवळपास दुपटीने साठतं, म्हणून ते फार हळू वाढवतात.

आणि शंखपुष्पी. ‘बुद्धीला चांगलं’ म्हणून परीक्षेच्या दिवसांत घरोघरी ही बाटली येते. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमच्या संशोधकांनी १९९२ साली याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या फिट शंखपुष्पी सुरू केल्यावर पुन्हा उसळल्या होत्या. उंदरांवर तपासलं तेव्हा दोन्ही वारंवार एकत्र दिल्यास फेनिटॉइनची पातळी जवळजवळ निम्मी झाल्याचं दिसलं. आपल्याच परळमध्ये सापडलेली ही गोष्ट आपल्याच घरांत माहीत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. दुसरीकडे, मिरगीवरच्या ‘फक्त जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत फिनोबार्बिटोनसारखी औषधं मिसळलेली सापडल्याचे प्रकार भारतात नोंदले गेले आहेत. मुलाला न लिहून दिलेल्या फिनोबार्बिटोनची लेव्हल निघाली तर लॅब चुकली असं गृहीत धरू नका.

रिपोर्टची वाट बघायची नाही अशा वेळा

फीट पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक येत राहिल्या आणि मधे मूल शुद्धीवर आलं नाही, तर सरळ रुग्णालय. मूल हाक मारूनही उठत नाही, सारख्या उलट्या, डोळे पिवळे, किंवा व्हॅल्प्रोएटवरचं मूल एकाएकी मलूल होऊन खाणंपिणं सोडतं, तेव्हाही तेच. नवं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तापासोबत पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बाटली आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्या. औषध आपल्या मनाने एकदम बंद करणं मात्र या यादीतल्या कुठल्याही गोष्टीइतकंच धोक्याचं आहे, त्याने न थांबणारी फीट येऊ शकते.

फिटखेरीज

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळ असेल तर जेंटामायसिन आणि व्हँकोमायसिन या प्रतिजैविकांची नावं ऐकू येतील. दोन्ही मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडं संथ असल्याने जेंटामायसिनच्या दोन डोसांत ३६ किंवा ४८ तासांचंही अंतर ठेवतात. लेव्हल काढतात ती कान आणि मूत्रपिंडं जपण्यासाठी. पुढच्या डोसआधी जेंटामायसिन जवळजवळ संपलेलं हवं. व्हँकोमायसिनमध्ये आता नुसत्या तळपातळीपेक्षा दिवसभरात अंगाला एकूण किती औषध लागलं याचा हिशेब करायची पद्धत २०२०च्या अमेरिकी शिफारशींपासून रूढ होते आहे. तिथे तुमचं काम एवढंच: ‘आजची लेव्हल आणि क्रिएटिनिन किती?’ हे विचारणं (क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते कळतं), आणि डिस्चार्जनंतर ऐकण्याची तपासणी कधी करायची ते कार्डावर लिहून घेणं.

रक्ताच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर २४, ४८, ७२ तासांनी लेव्हल काढतात आणि तिच्यावरून ल्युकोव्होरिन हा त्यावरचा उतारा किती आणि कधीपर्यंत द्यायचं ते ठरतं. त्या दिवसांत ताप आला म्हणून परस्पर ब्रुफेन देऊ नका, मेथोट्रेक्सेट बाहेर पडायला अडथळा येतो. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर रक्त डोसनंतर किमान सहा तासांनी द्यायचं, आधी दिलं तर आकडा उगाच मोठा दिसतो.

मूत्रपिंड किंवा यकृत रोपण झालेल्या मुलांना टॅक्रोलिमसची (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची) लेव्हल वर्षानुवर्षं काढावी लागते. नियम तोच: सकाळचा डोस न देता जायचं, रक्त दिल्यावर द्यायचा. फरक एवढा की इथे नमुना अख्ख्या रक्ताचा, जांभळ्या झाकणाच्या नळीत लागतो. जुलाब लागले की टॅक्रोलिमसची पातळी खाली येण्याऐवजी वर जाते, म्हणून पोट बिघडल्यावर ‘आधी बरं होऊ दे, मग लेव्हल’ असं करू नका, त्याच आठवड्यात काढा. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातीचं पपनस घरात आलं तर ते या मुलाच्या ताटात वाढायचं नाही.